दोन लहान मुलगे घरी शिकत असतील तर दिवस कसा बसवायचा

घरशाळा सुरू केलेल्या घरांतून पहिल्या महिन्या-दीड महिन्यात बहुतेक एकच तक्रार ऐकू येते: मुलगा एका जागी बसतच नाही. थोरल्याला घेऊन बसलं की धाकटा वही ओढतो, धाकट्याला रागावलं की थोरला उठून जातो, आणि अकरा वाजता पोळ्या व्हायच्या असतात, वहीचं पान कोरं असतं, आई रडकुंडीला आलेली असते. यावर लोक नवी पुस्तकं घेतात, नवं वेळापत्रक भिंतीवर लावतात. पण पुस्तकात बिघाड नसतो, क्रमात असतो. आधी अभ्यास, मग खेळ, मग उरलेल्या वेळात घरकाम, हा शाळेचा क्रम जसाच्या तसा घरी उचलला की तो मोडतो. चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी तो जवळजवळ उलटा लावावा लागतो.

पुढची पद्धत ज्या घरासाठी लिहिली आहे ते असं: थोरला सहा-सात वर्षांचा, धाकटा चार-साडेचारचा, आईबाबांपैकी एक जण सकाळभर घरी, शहरातला किंवा तालुक्याच्या गावातला फ्लॅट. मुली असतील तरी यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

## टप्पा १: कागद आधी, पाटी नंतर

मुलगा शाळेत जात असेल तर शाळा सोडल्याचा दाखला रीतसर घ्या. हातात पडल्यावर तिथेच उभं राहून नावाचं स्पेलिंग, आईचं नाव, जन्मतारीख आणि जन्मस्थळ जन्मदाखल्याशी व आधार कार्डाशी ताडून पाहा. दाखल्यातली चूक त्याच आठवड्यात दुरुस्त होते. पाच-सात वर्षांनी परीक्षेचा अर्ज भरताना ती निघाली तर फार धावाधाव होते. जन्मदाखला, आधार, लसीकरणाचं कार्ड, दाखला, प्रगतिपुस्तकं, सगळं एका फाइलमध्ये. प्रत्येक मुलाची फाइल वेगळी.

कायद्याचं थोडक्यात. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि तो ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. त्यात घरशाळेला वेगळं स्थान नाही. कलम १० मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य मानतं, पण ते न केल्यास पालकांना शिक्षेची तरतूद कायद्यात नाही. पुढे शाळेत परत घालायचं ठरलं तर कलम ४ प्रमाणे मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. परीक्षांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे मूलभूत शिक्षणाचे तीन स्तर आहेत, ते अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे. महाराष्ट्राच्या मुक्त विद्यालय मंडळाच्या परीक्षा पाचवी, आठवी, दहावी आणि बारावीच्या आहेत. सात वर्षांच्या मुलासाठी आज एवढं माहीत असलं की पुरे. दहावीचा विचार आत्ता डोक्यात घेतला की त्याचा ताण सकाळच्या पाटीवर उतरतो.

तपासा: घरातली मोठी माणसं, निदान आई आणि बाबा, दोघंही मनापासून तयार आहेत का? एक जण "बघू, नाही जमलं तर घालू शाळेत" असं मुलांसमोर म्हणत असेल तर पुढचे टप्पे लावू नका. आधी ते बोलून घ्या.

## टप्पा २: दोन-तीन आठवडे फक्त बघा

शाळेतून काढलेल्या मुलाला लगेच अभ्यासाला बसवू नका. या दिवसांत तुमचं काम लिहिण्याचं आहे. मुलं किती वाजता आपोआप उठतात, भूक कधी लागते, भांडणं कोणत्या वेळी होतात, कोणता खेळ सगळ्यात जास्त वेळ चालतो. भांडणांची वेळ खास नोंदवा. बहुतेक घरांत ती अकराच्या सुमारास आणि संध्याकाळी साडेसहाच्या आसपास निघते, म्हणजे जेवणाआधीची भूक आणि दिवसाचा थकवा. हे एकदा कागदावर दिसलं की "मुलं हट्टी आहेत" हा ग्रह जातो आणि तुम्ही अकराला शेंगदाण्याचा लाडू पुढे करता.

याच दिवसांत घराच्या वेळाही लिहा. नळाला पाणी कधी येतं, कामवाल्या मावशी कधी येतात, दूधवाला, कुरिअर, घंटागाडी. घंटागाडीचं गाणं लागलं की लहान मुलगा खिडकीकडे धावणारच, त्याला दोष देऊन उपयोग नाही. दारावरची बेल वाजणार नाही आणि बाहेरून हाक येणार नाही अशी चाळीस-पंचेचाळीस मिनिटं सकाळी कुठे सापडतात ते शोधा. थोरल्याची अभ्यासाची बैठक तिथे बसवायची आहे.

नेहमीची चूक: जूनमध्ये शाळा उघडतात म्हणून १५ जूनला सात तासिकांचं वेळापत्रक लावणं. घरात दोन मुलांना मिळून दीड तासाचं नेमकं काम पुष्कळ होतं. वर्गात चाळीस मुलं असतात. हजेरी, रांगा, फळ्यावरून उतरवून घेणं यांत जो वेळ जातो तो घरी जातच नाही.

## टप्पा ३: आधी खुंट्या ठोका

घड्याळाचे आकडे लिहू नका. रोज होणाऱ्याच चार गोष्टी घ्या: सकाळची न्याहारी, दुपारचं जेवण, संध्याकाळचा दिवा, रात्रीचं झोपणं. या चार खुंट्या. बाकी सगळं त्यांना टांगायचं. "न्याहारीनंतर पाटी", "जेवणानंतर गोष्ट", "दिव्यानंतर पाढे." सात वर्षांच्या मुलाला साडेनऊ म्हणजे काय ते नीट कळत नाही, पण पोह्यांची ताटली विसळून ठेवली की पुढे काय, हे कळतं. पाहुणे आले, आजारपण आलं, दिवाळी आली, तरी खुंट्या हलत नाहीत. फक्त त्यांना टांगलेलं कमी होतं.

जागाही आत्ताच ठरवा. अभ्यासाची वेगळी खोली लागत नाही. लागतं ते मुलांच्या हाताला येईल असं खालचं एक फडताळ आणि प्रत्येकाचा एक डबा. थोरल्याच्या डब्यात पाटी, पेन्सिल, चौकटीची वही, दुरेघी वही आणि सध्याचं एक पुस्तक. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवरून फुकट उतरवून घेता येतात. छापील घेतली तरी एका वेळी एकच डब्यात ठेवा. धाकट्याच्या डब्यात खडू, कात्री, जुनी मासिकं, चिंचोके, कपड्यांचे चिमटे. बाकी सगळं वर, कपाटात. समोर दहा गोष्टी दिसल्या की मुलगा अकरावी मागतो.

## टप्पा ४: सकाळचा क्रम

क्रम असा: अंग हलवणं, खाणं, धाकट्याची बैठक, थोरल्याची बैठक, हातांचं काम, बाहेर.

अंग हलवणं. उठल्यावर अर्धा-पाऊण तास. इमारतीच्या जिन्यावर चढउतार, खाली सायकल, दोरीच्या उड्या, बाबांबरोबर सूर्यनमस्कार. नुसतं "जा खेळा" म्हणू नका, दमवणारं काहीतरी हवं. पावसाळ्यात जमिनीवर गाद्या टाका आणि कोलांट्या मारू द्या. एप्रिल-मेमध्ये ऊन तापायच्या आत, सातला खाली न्या. घाईच्या दिवशी सगळ्यात आधी हाच भाग गळतो आणि त्याच दिवशी बैठक मोडते. वेळ कमी असेल तर अभ्यास कमी करा, हे नको.

आधी धाकटा. अगदी नेमकी हीच पायरी लोक उलट करतात. थोरल्याचा अभ्यास महत्त्वाचा म्हणून त्याला आधी घेतात आणि धाकट्याला "थांब जरा" म्हणतात. साडेचार वर्षांचं मूल थांबत नसतं. त्याऐवजी पहिली पंधरा मिनिटं पूर्ण त्याची. मांडीवर घेऊन एक गोष्ट वाचा, चिंचोके मोजा, मातीत किंवा रव्याच्या ताटात बोटाने एक अक्षर गिरवा. मोबाइल दुसऱ्या खोलीत. पोटभर लक्ष मिळालेला धाकटा त्यानंतर स्वतःच्या डब्यात वीस-पंचवीस मिनिटं रमतो. धाकट्याच्या त्या पहिल्या पंधरा मिनिटांत थोरला काय करेल? स्वतःची ताटली विसळेल, अंथरुणाची घडी घालेल, पाटी पुसून पेन्सिलीला टोक करेल. हे त्याचं रोजचं काम ठरवून द्या.

मग थोरला. ३५ ते ४० मिनिटं, त्याहून जास्त नाही. आत तीन तुकडे: मोठ्याने वाचन दहा मिनिटं, गणित पंधरा मिनिटं, लेखन सात-आठ ओळी. प्रत्येक तुकड्यानंतर उठून पाणी पिऊन यायचं, किंवा दाराला हात लावून परत यायचं. उभं राहून वाचलं तर वाचू द्या. ओट्यापाशी, पालथं पडून, कसंही. मुलगा हलतोय म्हणजे त्याचं लक्ष नाही, असं नसतं.

तपासा: बैठक संपताना मुलगा "अजून एक" म्हणतो की "सुटलो" म्हणतो? सलग तीन-चार दिवस "सुटलो" आलं तर दहा मिनिटं कमी करा. कंटाळा येण्याआधी थांबणं हा या वयाचा मुख्य नियम आहे आणि मोठ्यांना तो पाळणं सगळ्यात अवघड जातं, कारण मुलगा रंगात आलेला असताना "आता हेही करून घेऊ" असं वाटतंच.

## टप्पा ५: बैठकीत नेमकं काय करायचं

दोनच ठिकाणी खोलात जाते, कारण मराठीतून शिकवताना घरोघरी इथेच अडतं.

दोन अंकी संख्या. मुलाला "त्रेचाळीस" लिहायला सांगितलं की तो ३४ लिहितो. आई म्हणते लक्ष नाही. लक्ष असतं, म्हणून तर तो चुकतो: शब्दात आधी "त्रे" ऐकू येतं, म्हणजे तीन, आणि तो ऐकल्या क्रमाने लिहितो. उपाय क्रमाने करा.

१. आइस्क्रीमच्या काड्या घ्या, दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधा. मुलाने स्वतः बांधायचे. आयते बांधून दिलेले गठ्ठे त्याला दहा वाटतच नाहीत.

२. चार गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या मांडा. आधी फक्त म्हणायचं: "चार दशक, तीन एकक."

३. नंतर "चाळीस आणि तीन". बालभारतीच्या दुसरीच्या गणितात २०१९ साली "वीस एक, वीस दोन" असं संख्यावाचन आलं तेव्हा मोठा वाद झाला होता. तुमचं मत काहीही असो, घरी मधली पायरी म्हणून हे म्हणणं फार उपयोगी पडतं.

४. हे पक्कं झाल्यावर "त्रेचाळीस". लिहिताना आधी गठ्ठ्यांचा अंक, मग सुट्यांचा, असं बोट ठेवून.

५. "एकोण"वाल्या संख्या शेवटी. एकोणतीस ऐकून मुलगा तीसच्या पुढचं काहीतरी लिहितो. त्याच्यापुढे तीन गठ्ठे ठेवा आणि एक काडी काढून घ्यायला सांगा. गठ्ठा सोडावा लागतो, नऊ उरतात, आणि ते त्याला एकदम दिसतं. नव्याण्णव या नियमात बसत नाही, तो वेगळा सांगून टाका.

काड्यांचा कंटाळा आला की दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी. मग भाजीवाल्याकडे. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे पुस्तकाआधी तराजूपाशी कळतं: पाव किलो भेंडी, दीड किलो कांदे, पिशवी त्याच्याच हातात.

अक्षरं. अ आ इ पासून सुरुवात करू नका. "अ" आणि "इ" हाताला अवघड आहेत. आकाराने जवळची अक्षरं एकत्र घ्या: ग, म, भ, न. मग र, स, ख. मग व, ब, क. चार अक्षरं झाली की लगेच शब्द: मन, नग, गगन, मगन. अर्थ लागणारा शब्द वाचता आला की मुलाचा चेहरा खुलतो; नुसत्या मुळाक्षरांच्या पाठांतराने ते होत नाही. शिरोरेघ प्रत्येक अक्षरावर वेगळी नको. पूर्ण शब्द लिहून झाल्यावर एकच रेघ, डावीकडून उजवीकडे.

पहिली वेलांटी वेगळी शिकवा. ती अक्षराच्या आधी काढायची आणि नंतर उच्चारायची, त्यामुळे मुलं "दिवा" वाचताना अडखळतात. आधी दुसरी वेलांटी द्या, ती ऐकल्या क्रमानेच येते. पहिली तिच्यानंतर आठवड्याभराने. जोडाक्षरांची घाई नको. "र"ची चार रूपं, सूर्य, चक्र, राष्ट्र आणि दुसऱ्या, यांतलं एका वेळी एकच.

सावध: सहा वर्षांच्या मुलाला वहीत पानभर लिहायला लावू नका. बोटांत ताकद नसते, अक्षर बिघडतं, मग ओरडा बसतो आणि मुलगा लेखनाचाच राग धरतो. पाटी वापरा, चुकलं तर पुसता येतं. बोटांना ताकद येते मटार सोलून, कणीक मळून, चिमटे लावून. अक्षराची निम्मी तयारी स्वयंपाकघरात होते असं माझं ठाम मत आहे.

## टप्पा ६: हातांचं काम

बैठकीनंतर लगेच. धाकटा: लसूण सोलणं, मोज्यांच्या जोड्या लावणं, पालेभाजीची जुडी सोडणं. थोरला: कोशिंबिरीची काकडी बोथट सुरीने चिरणं, तांदूळ मापून धुणं, रुमालांच्या घड्या, झाडांना पाणी. तुम्ही शेजारी स्वयंपाक करत असता, त्यामुळे गप्पा होतात, आणि भाषा बैठकीपेक्षा इथे जास्त वाढते.

काम शिक्षा म्हणून कधीही देऊ नका. "मारलंस ना भावाला, आता भांडी पूस" असं एकदा झालं की पुढचे कित्येक दिवस भांड्यांना हात लागत नाही. आणि मुलांनी घातलेली घडी त्यांच्यासमोर उलगडून नीट करू नका.

मारामारी. दोन मुलगे कुस्ती खेळणारच. बंदी घालण्यापेक्षा जागा आणि शब्द ठरवा: फक्त गादीवर, आणि कोणीही "पुरे" म्हटलं की हात सोडायचे. शांत असताना चार-पाच वेळा सराव करून घ्या, खेळ म्हणून. भांडण पेटल्यावर नियम सांगितला तर तो कोणाच्या कानात जात नाही. मिटवताना "कोणी सुरू केलं" विचारू नका; दोघांना वेगळ्या खोलीत काम द्या आणि खायला द्या.

## टप्पा ७: दुपार, संध्याकाळ आणि आजी-आजोबा

दुपारी जेवणानंतर एक तास घर शांत. धाकटा झोपतो, थोरला आडवा पडून पुस्तक चाळतो किंवा ठोकळे लावतो. या तासात शिकवायचं नाही. तुम्हालाही पाठ टेकायला हवी. ती टेकली नाही तर संध्याकाळचा तोल जातो. कार्टून दाखवायचंच असेल तर चार ते साडेचार अशी ठरलेली वेळ ठेवा, बक्षीस म्हणून नको. अभ्यासाचं बक्षीस मोबाइल झाला की अभ्यास ही शिक्षा ठरते.

पाचला शाळेतली मुलं खाली येतात. तोवर तुमचा दिवस संपलेला हवा. लगोरी, क्रिकेट, गोट्या, जे चाललं असेल त्यात तुमची मुलं रोज हवीत. घरशाळेतल्या मुलाला सोबत मिळत नाही, ही भीती खरी ठरते ती हा वेळ चुकवणाऱ्या घरांत. आठवड्यातून एकदा वाचनालय, एकदा पोहणं किंवा तालीम, जे परवडेल ते. सकाळी अकराला खाली दिसल्यावर "आज शाळा नाही का रे?" हा प्रश्न येणारच. "मी घरी शिकतो काका" एवढं उत्तर मुलाकडून आधी म्हणून घ्या, म्हणजे तो कावराबावरा होत नाही.

घरातल्या मोठ्यांचं नाजूक आहे. आजोबा काळजीपोटीच विचारतात, "सांग बघू सात सक्कं किती?" आणि मुलगा गप्प होतो. त्यांना थांबवू नका, एक खरी जबाबदारी द्या. दिवेलागणीला शुभंकरोतीनंतर दोघांकडून पाढे म्हणून घेणं आजोबांकडे. रात्रीची गोष्ट आजीकडे. मग परीक्षा घ्यायची गरज त्यांनाच उरत नाही. बाबा नोकरीला जात असतील तर सकाळचा अंग हलवण्याचा अर्धा तास आणि शनिवारची बैठक पूर्ण त्यांची. सगळं एकट्या आईवर असलेली घरशाळा सहा महिन्यांत थकते.

## टप्पा ८: शुक्रवारची नोंद

रोजची डायरी कोणाकडून होत नाही. शुक्रवारी दुपारी, प्रत्येक मुलासाठी तीन ओळी: या आठवड्यात आपलं आपण काय केलं, कुठे अडलं, पुढच्या आठवड्यात काय सोडायचं. सोबत तारीख घातलेला एक कागद, चित्र, हिशेब, पहिल्यांदा लिहिलेलं स्वतःचं नाव, काहीही. पाटीवरच्या कामाचा फोटो काढून महिन्याला एकदा छापून घ्या. उद्या शाळेत प्रवेश घ्यायचा झाला किंवा कोणी विचारपूस केली तर हीच फाइल समोर ठेवता येते.

दोन महिन्यांनी फाइल काढून सुरुवातीचा आणि आत्ताचा कागद शेजारी ठेवा. फरक दिसत नसेल तर पुस्तक बदलू नका. आधी टप्पा ४ पाहा. अंग हलवणं रोज होतंय का, धाकटा आधी बसतोय का, बैठक वेळेत थांबतेय का. या तिन्हींचं उत्तर हो असूनही मुलगा अक्षरांत गोंधळत असेल, पुस्तक डोळ्यांजवळ धरून वाचत असेल किंवा हाक मारल्यावर वळत नसेल, तर डोळे आणि कान तपासून घ्या. शाळेत शिक्षकांच्या लक्षात येणारी ही गोष्ट घरी तुम्हालाच बघायची आहे.